एक्सपीवरचा काटा: नव्या संगणकावर जुनी विंडोज बसवायला निघालेल्या डाळ मिलचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका डाळ मिलचं आहे. गाव, माणसं आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मिल तालुक्याच्या गावाबाहेर, महामार्गाला लागून. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची खरेदी, जानेवारीपासून तूर, पाठोपाठ हरभरा. फाटकाशी ६० टनी वजनकाटा आहे. मिलच्या मालासाठी उभारला खरा, पण आसपासचे आडते, वीटभट्टीवाले, खडीवाले यांच्याही गाड्या त्यावर येतात. काट्याचं भाडं हे मिलचं छोटं पण रोजचं उत्पन्न.

काट्याच्या केबिनमधला संगणक २००८ च्या सुमारास घेतलेला. विंडोज एक्सपी, ८० जीबीची डिस्क, मागे नऊ पिनांचा कॉम (सिरियल) पोर्ट आणि पंचवीस पिनांचा एलपीटी, म्हणजे जुन्या प्रिंटरचा पोर्ट. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल (भार मोजणारे सेन्सर) वजन इंडिकेटरला, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पेटीला देतात, इंडिकेटर ते आरएस-२३२ (सिरियल) केबलने संगणकाला पाठवतो, आणि संगणकावरचा प्रोग्राम गाडी नंबर घालून पावती छापतो: भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजा जाता माल. नेहमीच्या गाड्यांचं रिकामं वजन प्रोग्रामच्या लक्षात असायचं. त्यामुळे एमएच-२४ च्या ओळखीच्या गाडीला दुसऱ्यांदा काट्यावर यावं लागत नसे.

प्रोग्राम एका स्वतंत्र प्रोग्रामरने व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला, नोंदी अॅक्सेसच्या एका फाइलमध्ये. आणि एलपीटी पोर्टला आगपेटीएवढा एक ठोकळा लावलेला, त्याच्या मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची केबल. हा ठोकळा म्हणजे प्रोग्रामचं कुलूप. तो काढला की प्रोग्राम उघडत नाही. प्रकरणाचा जीव या ठोकळ्यात होता. पण ते कळायला वेळ लागला, कारण केबिनमधल्या सगळ्यांच्या लेखी तो प्रिंटरच्या केबलचाच एक भाग होता.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं. मिलमध्ये ते कोणाच्या गावीही नव्हतं, कारण हा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. २०१८ मध्ये मालवाहतुकीचं ई-वे बिल आलं, तेव्हा नेट जोडून पाहिलं, पण एक्सपीतल्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सरकारी संकेतस्थळ उघडेना. नव्या सुरक्षित जोडणीला लागणारं टीएलएस १.२ त्यात नाही. मग ऑफिसात विंडोज १० चा लॅपटॉप आला आणि केबिनचा संगणक होता तसाच राहिला. दोघांमध्ये ये-जा पेनड्राइव्हने, आणि त्यासोबत अधूनमधून शॉर्टकट व्हायरसची.

केबिनमध्ये एक्सपी ठेवण्यात मला स्वतःला फारसं वावगं वाटत नाही. जाळ्याबाहेरचं, एकच काम करणारं यंत्र जुन्या प्रणालीवर वर्षानुवर्षं चालू शकतं. वावगं हे होतं की त्या डिस्कची एकही प्रत कुठे नव्हती, आणि प्रोग्रामची सीडी कुठल्या कपाटात आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

अडचण

सोयाबीनच्या ऐन आवकेत एका सकाळी संगणक सुरूच होईना. पंखा फिरायचा, पडद्यावर काही नाही. काट्यावरच्या मामांनी मालकांना फोन लावला: "मालक, काटा बंद पडलाय. काहीच दिसंना."

खरं तर काटा बंद नव्हता. इंडिकेटरवर लाल आकडे नेहमीसारखे दिसत होते. बंद होता तो संगणक. पण वर्षानुवर्षं दोन्ही एकत्रच पाहिल्यामुळे फरक कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि पहिले दोन-तीन तास गाड्या नुसत्या उभ्या राहिल्या. नंतर मुनीमजींनी जुनं छापील पावती पुस्तक काढलं आणि हाताने लिहायला सुरुवात केली. त्यावरून कुरकुर झालीच. "हातानं लिहिलेल्या पावतीवर आडत्या पैसे देईल का?" असं एका शेतकऱ्याने विचारलं, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. छापील पावतीवर वजन यंत्रातून येतं, मध्ये माणूस नसतो, हा तिच्यावरचा विश्वास.

धाकट्या मालकांनी त्याच दिवशी लातूरहून नवा संगणक आणला. इंटेलच्या बाराव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (नव्या वेगवान जोडणीची) एसएसडी, विंडोज ११ आधीच घातलेली. चांगला होता. सोबत ओळखीचा तंत्रज्ञ आला. त्याला सांगितलं ते एवढंच: "यात एक्सपी टाक आणि जुना प्रोग्राम चालू करून दे."

त्या एका वाक्याने पुढची रात्र खाल्ली. वाक्यात उपायच सांगितलेला होता, अडचण नव्हे. तंत्रज्ञाने मुकाट्याने सांगितलेलं करायला घेतलं.

एक्सपीची सीडी बूट यादीत दिसेचना. नव्या बोर्डांत संगणक सुरू करणारा जुना बायोस जाऊन त्या जागी यूईएफआय आलं आहे, आणि एक्सपीला ते कळत नाही. पूर्वी जुन्या पद्धतीने बूट करण्यासाठी सीएसएम नावाची सोय असायची. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांवर आतलं ग्राफिक्स वापरत असाल तर तीही मिळत नाही. तंत्रज्ञ हुशार होता. त्याने एक जुनं ग्राफिक्स कार्ड खोचलं, तसा सीएसएमचा पर्याय उघडला आणि सीडी सुरू झाली. लगेच निळा पडदा, स्टॉप ए५: बोर्डची एसीपीआय (वीज आणि उपकरणांच्या मांडणीची) रचना एक्सपीला मान्य नाही. मग इंटरनेटवरून कोणीतरी दुरुस्त केलेली एक्सपीची प्रत उतरवली. ती जरा पुढे गेली आणि स्टॉप ७बी वर अडकली, म्हणजे डिस्कच सापडत नाही. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचाही (सॅटा डिस्क चालवायच्या नेहमीच्या पद्धतीचाही) ड्रायव्हर नाही, एनव्हीएमई तर तिच्या नंतर कितीतरी वर्षांनी आलं.

या खटाटोपात एसएसडीवरचे सगळे विभाग पुसले गेले आणि पैसे देऊन घेतलेली विंडोज ११ ही गेली. सुदैवाने अशा तयार संगणकाची विंडोजची चावी बोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. पुन्हा विंडोज ११ टाकली की ती आपोआप सक्रिय होते, आणि तशी ती झाली.

मी यात दुसऱ्या दिवशी आलो. तोवर बोलणं विंडोज ७ वर पोचलं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

विंडोज ७ चा विषय लवकर मिटला. तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि इंटेलच्या सहाव्या पिढीपासून चिपसेटमधला जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकलेला आहे. त्यामुळे सेटअप सुरू झाला तरी कीबोर्ड-माऊस मेलेले. एनव्हीएमईसाठी वेगळा पॅच कालवावा लागतो. बाराव्या पिढीच्या ग्राफिक्सला तिचा ड्रायव्हरच निघालेला नाही. हे सगळं ओलांडलं तरी हाती येणार ती १४ जानेवारी २०२० ला आधार संपलेली प्रणाली. एवढे कष्ट करून एका जुन्या घरातून दुसऱ्या जुन्या घरात कशाला जायचं?

मी धाकट्या मालकांना विचारलं, "एक्सपी तुम्हाला कशासाठी पाहिजे?"

"प्रोग्राम तिच्यावरच चालतोय ना."

"कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. प्रोग्राम पहिल्यापासून एक्सपीवर होता, एवढंच. म्हणून आधी तेच तपासायचं ठरवलं. जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरने जोडून प्रोग्रामचं फोल्डर नव्या संगणकावर, विंडोज ११ मध्ये आणलं. व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्राम ३२-बिट असतात, आणि त्यांना लागणारा मूळ रनटाइम मायक्रोसॉफ्ट आजही विंडोजसोबत देते. फक्त सिरियल पोर्टशी बोलणारी एक ओसीएक्स फाइल वेगळी नोंदवावी लागली. प्रोग्रामवर डबल क्लिक केलं आणि मिलच्या नावाची हिरवी पाटी पडद्यावर आली! केबिनमध्ये लोक जमले. पाठोपाठ एक छोटी खिडकी: चावी सापडली नाही.

म्हणजे एक्सपी हवी होती ती प्रोग्रामसाठी नव्हे, त्या ठोकळ्यासाठी. कुलपाचा ड्रायव्हर एक्सपीच्या काळातला, ३२-बिटचा. ६४-बिट विंडोजमध्ये कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर ६४-बिटचा आणि डिजिटल स्वाक्षरी केलेलाच लागतो. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येते. ३२-बिटची विंडोज १० मिळते, पण सीएसएम नसलेल्या ६४-बिट यूईएफआयवर ती बूट होत नाही. सगळ्या वाटा एकाच भिंतीपाशी येऊन थांबत होत्या. पण निदान भिंत कुठली हे आता कळलं होतं.

यानंतर टेबलावर उरलेले पर्याय असे होते.

आभासी संगणक: विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपी. सामान्य ऑफिसात मी हाच सुचवला असता. सिरियल पोर्ट आतल्या एक्सपीला सहज देता येतो. पण कुलूप एलपीटीचं, आणि या बोर्डवर एलपीटी नाही. पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड मिळतं, पण त्याला पत्ता दुसराच मिळतो, आणि जुनी कुलपं ३७८ या ठरलेल्या पत्त्यावरच चावी शोधतात. शिवाय दिवसात चार वेळा वीज जाणाऱ्या केबिनमध्ये मामांनी आधी एक विंडोज चालू करायची, मग तिच्यात दुसरी, हे गाड्यांची रांग लागलेली असताना निभणारं नव्हतं.

कुलूप फसवणारा एमुलेटर, म्हणजे ठोकळा लावलेला आहे असं भासवणारा प्रोग्राम: तंत्रज्ञाला असा एक ठाऊक होता. मी नको म्हणालो. कुठून आलाय ते माहीत नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये बसवायचा आणि त्यासाठी विंडोजची स्वाक्षरी-तपासणी बंद ठेवायची, तीही आता नेटला जोडल्या जाणाऱ्या संगणकावर. आणि प्रोग्राम ज्याचा, तो माणूस हयात असताना त्याला न विचारता त्याचं कुलूप तोडायचं? मालकांनाही हे पटलं. त्यांचं कारण साधं होतं: "उद्या आपल्या गोदामाचं कुलूप कोणी असं तोडलं तर?"

जुना वापरलेला संगणक: इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, एच६१ बोर्डचा. त्याला एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात, सॅटा डिस्क एक्सपीला कळणाऱ्या जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवता येते, काही बोर्डांना एलपीटीही असतो. चालण्यासारखा पर्याय होता. पण एक्सपीचा परवाना जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यावर चिकटवलेला, त्या यंत्रापुरता. आणि डिस्क दुसऱ्या बोर्डवर नेली की ७बी पुन्हा दारात उभा.

नवा प्रोग्राम: काट्याचे प्रोग्राम विकणारे बरेच आहेत. पण ऐन हंगामात, चालत्या रांगेत नवीन प्रोग्राम आणणं म्हणजे हमालांपासून मुनीमजींपर्यंत सगळ्यांची परीक्षा एकाच दिवशी घेणं.

आणि शेवटचा, जो तोवर कोणाच्याच तोंडी आला नव्हता: बंद पडलेला बोर्ड दुरुस्त करणं. नवा संगणक दारात आल्यामुळे जुना कोपऱ्यात भंगार म्हणून पडला होता. त्याचं झाकण कोणी उघडलंच नव्हतं. उघडलं तर प्रोसेसरशेजारच्या चार कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी द्रव सुकलेला. पत्र्याच्या छपराखालचा लातूरचा उन्हाळा त्यांनी बरीच वर्षं सोसला होता.

काय केलं

निर्णय दोन तुकड्यांत घेतला: हंगाम जुन्यावरच काढायचा, आणि सोयाबीन ओसरल्यावर, तूर यायच्या आत, नव्यावर जायचं.

दुरुस्तीच्या आधी डिस्कची प्रत. यावर मी अडून बसलो, कारण मालकांना बोर्ड ताबडतोब दुरुस्तीला पाठवायचा होता आणि डिस्कचं "नंतर बघू" चाललं होतं. प्रत घेताना काही भाग अडखळत वाचले जात होते. त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी चांगला भाग उचलतं आणि दुखऱ्या भागाकडे नंतर वळतं. जवळजवळ सगळी डिस्क हाती आली. अॅक्सेसची फाइल पूर्ण आली, हे महत्त्वाचं.

बोर्ड शहरातल्या टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेला. त्याने त्याच व्होल्टेजचे आणि क्षमतेचे कॅपॅसिटर बसवले. खर्च काही शे रुपये. संगणक पूर्वीसारखा सुरू झाला, ठोकळ्यासकट, प्रिंटरसकट. परवान्याचाही प्रश्न आला नाही, कारण यंत्र तेच. हातपावत्यांची नोंद मुनीमजींनी रात्री बसून प्रोग्राममध्ये घातली आणि शेऱ्यात "हस्तलिखित" असं लिहून ठेवलं. पुढे एका आडत्याशी वजनावरून वाद झाला, तेव्हा हा शेराच उपयोगी पडला.

दिवाळी झाली, आवक ओसरली, आणि दुसरा भाग सुरू झाला.

प्रोग्रामरचा शोध इंडिकेटर विकणाऱ्या दुकानदाराकडून लागला. सीडीवरचा दूरध्वनी केव्हाच बंद झालेला. तो माणूस आता दुसऱ्याच धंद्यात होता. "सोर्स कोड? ते तर कधीच गेलं," म्हणाला. म्हणजे कुलूप नसलेली आवृत्ती मिळणं शक्य नव्हतं. पण अॅक्सेसच्या फाइलला लावलेला पासवर्ड त्याला आठवत होता. तो त्याने दिला, आणि नोंदी काढून घ्यायला हरकत नाही असं मेसेजवर लिहूनही दिलं. एवढं पुरेसं होतं. मिलला प्रोग्राम वाचवायचाच नव्हता. हव्या होत्या त्या जुन्या पावत्या आणि गाड्यांची रिकामी वजनं.

नवा प्रोग्राम निवडताना मालकांनी तीन गोष्टी लेखी मागितल्या: नोंदी केव्हाही एक्सेलमध्ये काढता याव्यात, कुलूप यूएसबीचं किंवा चावीचं चालेल पण बोर्ड बदलला तर दुसरी चावी मोफत मिळावी, आणि कॉम पोर्टची सगळी मांडणी वापरणाऱ्याला बदलता यावी. तिसरी अट माझी. जुना प्रोग्राम कॉम-१ सोडून दुसरा पोर्ट ओळखतच नव्हता. यूएसबी कनव्हर्टर लावला की विंडोज त्याला कॉम-५, कॉम-७ असं काहीही नाव देते. डिव्हाइस मॅनेजरमधून ते बदलता येतं, पण रात्री अकरा वाजता मामांनी ते करावं ही अपेक्षा बरोबर नाही.

कनव्हर्टर मात्र लागलाच नाही. नव्या बोर्डला मागे कॉम पोर्ट नाही म्हणून सगळे हळहळत होते. बोर्डच्या कडेला, यूएसबीच्या हेडरशेजारी, नऊ पिनांचा एक हेडर (उघड्या पिनांची जोडणी) होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: कॉम. स्वस्तातल्या बोर्डांवरही हा बऱ्याचदा असतो. लागते ती फक्त मागच्या पत्र्याला बसणारी पट्टी आणि रिबन केबल.

पट्टी आणली, बायोसमध्ये पोर्ट चालू केला, विंडोज ११ ला कॉम-१ दिसला, पण वजन येईना. इथे एक फसवणूक दडलेली असते. अशा पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात. दिसायला सारख्याच, पण हेडरच्या पिना बाहेरच्या कनेक्टरला दोन वेगळ्या क्रमांनी जोडलेल्या. ओळखायची सोपी रीत अशी की बाहेरच्या कनेक्टरच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि एखाद्या टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षर दाबायचं. तेच अक्षर परत आलं तर पाठवण्या-घेण्याची वाट बरोबर. आलं नाही. दुसऱ्या प्रकारची पट्टी लावल्यावर आलं.

मग इंडिकेटर जोडला तर पडद्यावर अर्धे आकडे आणि अर्धा कचरा. नीट पाहिल्यावर त्या कचऱ्यातही शिस्त दिसली: ०, ३, ५, ६, ९ हे आकडे व्यवस्थित येत होते, १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं. याचा अर्थ इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटीने (चूक पकडण्यासाठी १ ची संख्या सम करणाऱ्या जादा बिटाने) पाठवतोय, आणि संगणक आठ बिट, विनापॅरिटी समजून वाचतोय. ज्या आकड्यांच्या संकेतात १ ची संख्या आधीच सम असते, त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो आणि ते धड दिसतात. बाकीच्यांत तो जादाचा बिट वजनाचाच भाग म्हणून वाचला जातो. मांडणी सात-सम केली, आकडे इंडिकेटरशी जुळले. इंडिकेटरच्या आत काहीही करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं आणि दरवर्षी पडताळणी होते. जे काही जुळवायचं ते संगणकाच्या बाजूने.

छपाईवर जरा मतभेद झाले. धाकट्या मालकांना पावती मराठीत हवी होती. इच्छा चांगलीच. पण डॉट मॅट्रिक्सवर युनिकोड मराठी चित्र म्हणून छापली जाते. प्रिंटरचं डोकं एकेका ओळीवरून पुन्हा पुन्हा जातं, आणि साध्या मजकुराला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. रांगेत तो खपत नाही. तोडगा मुनीमजींनी काढला: मिलचं नाव, रकान्यांची शीर्षकं, सूचना हे सगळं मराठीत कागदावर आधीच छापून घ्यायचं, आणि प्रिंटरने फक्त आकडे, तारीख आणि गाडी नंबर टाकायचा.

जुन्या नोंदी आणताना एक गाठ सापडली. पावती क्रमांक १ ते ३२,७६७ पर्यंत जाऊन पुन्हा १ पासून सुरू झालेले. मामांना कारण आठवलं: "एकदा ते ओव्हरफ्लो का काय म्हणायलं, पुढं जाईना. मग फोनवर विचारून नंबर पुन्हा एकपासून लावले." व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या इंटिजरची (पूर्णांकाच्या प्रकाराची) मर्यादा नेमकी ३२,७६७ आहे. म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. नव्या प्रोग्रामने दुसऱ्या फेरीच्या नोंदी "आधीच आहे" म्हणून टाकून दिल्या असत्या आणि कोणाला पत्ताही लागला नसता. आर्थिक वर्ष आणि क्रमांक असा जोड देऊन त्या आणल्या, आणि दोन्हीकडच्या एकूण नोंदी मोजून जुळवल्या.

बदलाची वेळ ठरवणं हा शेवटचा खरा निर्णय. एखादी गाडी भरलेली असताना जुन्यावर मोजली आणि रिकामी झाल्यावर नव्यावर आली तर पावती अर्धीच राहते. म्हणून अर्धी पावती एकही उरलेली नाही अशी रात्रीची वेळ निवडली. त्याआधी काही दिवस दोन्ही संगणक शेजारी ठेवून, नव्यावर मोजक्या गाड्यांच्या पावत्या काढून ताडून पाहिल्या होत्या.

निष्पत्ती

तुरीचा हंगाम पूर्ण नव्या संगणकावर गेला. ऑफिसातून काट्याच्या नोंदी थेट दिसतात, पेनड्राइव्हची ये-जा थांबली. मामांना सुरुवातीला नव्या पडद्याचा राग होता, कारण जुन्या प्रोग्राममध्ये सगळं एफ-कींवर चालायचं आणि इथे माऊस. विक्रेत्याने शॉर्टकट लावून दिल्यावर तो राग गेला. पहिल्या आठवड्यात काही गाड्यांची रिकामी वजनं जुनी निघाली, कारण गाडीवाल्यांनी गाडीची बॉडी बदलली होती पण नोंद बदलली नव्हती. दोष जुन्या काळापासूनचा होता, उघडकीला आता आला. आता बऱ्याच दिवसांत न आलेल्या गाडीचं रिकामं वजन नव्याने घेतात.

एक्सपीचा संगणक कपाटाशेजारी आहे, नेटवर्क केबल न लावता. जुनी पावती मूळ रूपात छापून हवी असेल तरच तो चालू होतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडलेली गोष्ट म्हणजे खरेदी आधी आणि विचार नंतर, हा क्रम. झाकण उघडून पाहिलं असतं तर कॅपॅसिटर पहिल्याच सकाळी दिसले असते. धाकट्या मालकांच्या बाजूनेही बोलायला हवं: महामार्गावर गाड्या उभ्या असताना स्क्रूड्रायव्हर शोधत बसायचं कोणाला सुचतं? अशा वेळी पावती पुस्तक पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर यायला हवं होतं, म्हणजे बाकीच्या विचाराला सवड मिळाली असती. आता ते केबिनमध्येच, इंडिकेटरखाली ठेवलेलं असतं.

तंत्रज्ञाने नव्या एसएसडीला हात लावण्याआधी थांबायला हवं होतं. एक जादा जुनी डिस्क लावून प्रयोग करता आले असते. आणि इंटरनेटवरून उतरवलेली दुरुस्त एक्सपी हिशेबाच्या यंत्रात घालायला मी तरी कधी तयार होणार नाही. घरी हौस म्हणून कोणी नव्या बोर्डवर एक्सपी नाचवत असेल तर खुशाल. त्यातून शिकायला भरपूर मिळतं.

२०१४ मध्ये, किंवा निदान ई-वे बिलाच्या वेळी, प्रोग्रामरला गाठलं असतं तर कदाचित सोर्स कोड तेव्हा त्याच्याकडे असता. पासवर्ड त्याला आठवला हा नशिबाचा भाग, त्यावर कोणी भिस्त ठेवू नये.

माझा आणि मालकांचा एका मुद्द्यावर अजून मेळ बसलेला नाही. त्यांच्या मते एच६१ चा वापरलेला संगणक घेऊन आणखी पाच-सात वर्षं काढता आली असती आणि नव्या प्रोग्रामचे पैसे वाचले असते. हिशेबाने ते खोटं नाही. मला खटकत होता तो एलपीटीचा ठोकळा. बोर्ड पुन्हा मिळेल, डिस्कची प्रत आहे, पण तो ठोकळा मेला तर त्याची प्रत कोणाकडेच नाही. तूर्तास तो एका डबीत, जुन्या संगणकाच्या चाव्यांसोबत आहे.

ऑफिसातल्या विंडोज १० च्या लॅपटॉपचा प्रश्न आता आला आहे. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि लॅपटॉप सातव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. ई-वे बिलं त्याच्यावरूनच निघतात, म्हणजे तो नेटपासून तोडून ठेवताही येत नाही. हरभऱ्याची खरेदी सुरू होण्याआधी तो बदलायचं ठरलंय. या वेळी यादी आधी केली आहे: त्यावर कुठले प्रोग्राम आहेत, कुठली डिजिटल सही, कुठला प्रिंटर, आणि प्रत्येकाची चावी कोणाकडे.